पंचफुलाबाईंच्या फोटोची तारीख

रफिकचाचा,

तुमचा जनाजा निघाला तेव्हा मी आतल्या खोलीत झुबेदाचाचींच्या शेजारी बसले होते. बाहेर माणसं खांदे बदलत चालली होती आणि आत चाची एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माधुरी, सुबह भी पूछ रहे थे, वो लडकी आज आनेवाली है क्या." मी येणारच होते, चाचा. संध्याकाळी. तुमच्यासाठी एक बिघडलेली फाईल घेऊन. नव्या मोबाईलचा फोटो होता, उघडला की अर्धा हिरवा दिसायचा. तो हिरवा का दिसतो हे मलाही अजून कळलेलं नाही.

गेले दहा दिवस लोक तुमच्याबद्दल बोलताहेत. धामणगाव बढ्यात रंगीत फोटो पहिल्यांदा कुणी धुतले, कुणाकुणाच्या लग्नात तुम्ही तीन तीन दिवस राबलात, शाळेच्या गॅदरिंगचे फोटो कसे फुकट दिलेत. ते सगळं खरं आहे आणि ते लोकांनी बोलावंच. मला मात्र तुमच्याशी फायलींबद्दल बोलायचंय, कारण या गावात ते बोलायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही. आणि एक गोष्ट मला तुम्ही गेल्यावर कळली. ती तुम्हीच सांगायला हवी होती.

आठवतं का, मी पहिल्यांदा दुकानात आले ती आईचे पासपोर्ट साईज फोटो काढायला. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी घेऊन गावी आले होते. बाबा शाळेत क्लार्क होते म्हणून तुम्ही मला ओळखलंत. कॅमेऱ्यामागून विचारलंत, "पुन्यात काय करतं तू?"

मी सांगितलं की नोकरी एक आहे, पण शिवाय एका लायब्ररीचं काम हौसेनं करते.

"कोनती लायब्ररी? किती पुस्तकं हायेत?"

मी हसले आणि सांगायला बसले. पुस्तकांची नाही, चाचा. प्रोग्रामची. फोटोची फाईल उघडायची, तिच्यातले रंग वाचायचे, हवं ते करायचं आणि पुन्हा फाईल लिहायची, एवढं काम करणारा तयार प्रोग्राम. जगातलं कुणीही फुकट वापरतं. मी त्याची टेस्ट लिहिते. म्हणजे फाईल उघडायची, लिहायची, पुन्हा उघडायची, आणि आधीचं नि नंतरचं जुळतं का ते ताडून पाहायचं.

माझ्या घरातल्या कुणीही याच्यापुढं एक प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही आईला स्टुलावर तसंच बसवून ठेवलंत आणि विचारलंत, "अन् नाई जुळलं तं?"

"तर कुठंतरी चूक आहे. ती शोधायची."

"रोज हेच करतं?"

"रोज."

"वा!" तुम्ही म्हणालात. "मंग तुले चांगल्या फायली देऊन काय फायदा? खराब पाह्यजे तुले."

आणि खालचा खण ओढलात. त्या खणात काय नव्हतं! जुन्या कॅमेऱ्यांची कार्डं, सीड्या, फ्लॉप्या, निगेटिव्ह स्कॅन करून ठेवलेल्या जाडजूड फायलींची एक डिस्क. वरच्या पाकिटावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, 'बीटी पहिले वर्ष', म्हणजे बीटी कापसाचं बियाणं गावात पहिल्यांदा आलं ते. त्यातले फोटो मी नंतर पाहिले. छातीएवढ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभे असलेले गावातले शेतकरी, इस्त्रीचे शर्ट घालून. त्या वर्षी लोक मुद्दाम तुम्हाला शेतात बोलावून नेत होते म्हणे, पिकासोबत फोटो काढायला. फोटोत माणूस कमी आणि कापूस जास्त यावा अशी त्यांची मागणी असायची.

तुमच्या खणानं माझ्या प्रोग्रामची जेवढी खोड काढली तेवढी कुणीच काढली नसेल. तो नवरदेव आठवतो? छापखान्यातून परत आलेली बॅनरची फाईल तुम्ही मला दिलीत. मी उघडली तर नवरदेवाचा चेहरा निळाकाळा, दात काळे, फेटा पांढरा भगभगीत. तुम्ही खुर्चीत मागं रेललात आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. "या खुदा, पोट्ट्याचं लगन लागलं का भूत लागलं?" मग हसणं थांबलं आणि तुम्ही खुर्ची पुढं ओढलीत. "पन असं काऊन झालं?"

तीन दिवस आपण ते शोधत होतो. छपाईच्या काही फायलींत शाईचे आकडे उलटे लिहिलेले असतात, जिथं शाई नाही तिथं सगळ्यात मोठा आकडा. आमचा प्रोग्राम ते सरळ वाचत होता. सापडलं तेव्हा माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त आनंद झाला. आता त्याची टेस्ट लिहायची तर नमुन्याची फाईल हवी. नवरदेवाचा चेहरा जगभर पाठवणं बरं नव्हे, असं तुम्हीच म्हणालात. तुम्ही दुकानामागच्या वावरातून कापसाचं फुटलेलं एक बोंड आणलंत, फोटो काढलात, छपाईच्या सॉफ्टवेअरमधून तशीच उलटी फाईल बनवून दिलीत. नखाएवढा तो फोटो आता त्या लायब्ररीच्या टेस्टच्या फोल्डरात आहे. कुठं कुठं रोज उघडला जातो, कुणालाच माहीत नाही की ते बोंड धामणगावचं आहे.

आणि शंभर वेळा जतन करायची पैज! तुमचं म्हणणं, फोटो उघडून पुन्हा पुन्हा ठेवला की झिजतो, लुगडं धुऊन धुऊन विरतं तसा. माझं म्हणणं, जेपीजी फाईलीतला फोटो थोडा बिघडेल पण मग बिघडायचा थांबेल. हरणाऱ्यानं मूगभजे आणायचे. तुम्ही तुमच्याच नातीचा फोटो दिलात आणि मी प्रोग्राम लावला. पहिल्या चार-पाच वेळी आकडे हलले. मग हलायचे थांबले. पन्नासावा आणि शंभरावा फोटो जवळजवळ सारखाच. मी जिंकले म्हणून टाळी दिली. तुम्ही मात्र भजे आणायला उठला नाहीत. "थांब," म्हणालात, "दर बारीले एका बाजूनं एक रेघ कापून ठेव बरं."

लावलं. या वेळी आकडे थांबलेच नाहीत. शंभराव्या वेळी नातीच्या गालावर चौकोनी डाग पडलेले.

"मी म्हनलं व्हतं ना," तुम्ही म्हणालात. "जागच्या जागी ठेवलं तं टिकते. जरा हाललं का झिजते."

भजे दोघांनी मिळून आणले. तुमची ती रेघ कापायची युक्ती मी टेस्टमध्ये घातली. लिहिणाऱ्याचं नाव विचारतात तिथं तुमचं नाव टाकू का म्हटलं तर तुम्ही हात हलवलात. "मले इंग्रजी कोन विचारन?"

मग बोंडअळीचं वर्ष आलं.

दिवाळीपर्यंत पऱ्हाटी हिरवीगार होती. बोंडं बाहेरून टणक, चांगली. लोक वेचायला गेले तर बोंड फोडल्यावर आत कापसाऐवजी काळी किडकी सरकी आणि गुलाबी अळी. ज्या बीटीला अळी लागत नाही म्हणून घेतलं त्याच बीटीत. तुमच्या त्या पाकिटातल्या फोटोंतली कितीतरी माणसं त्या आठवड्यांत तुमच्या दुकानात येऊन नुसती बसायची. तुम्ही चहा सांगायचात.

सरकारी मदतीचे अर्ज सुरू झाले. अर्जासोबत फोटो मागितला होता. शेतकरी स्वतः, मागं त्याचं शेत, आणि हातावर फोडलेलं बोंड, कारण न फोडलेल्या बोंडात नुकसान दिसतच नाही. फाईल लहान हवी. आणि फोटो काढल्याची तारीख फाईलीत असली पाहिजे. गावातले चाळीसेक जण तुमच्याकडं आले. तुम्ही कुणाला दुकानात उभं केलं नाहीत. कॅमेरा गळ्यात अडकवून चार दिवस बांधाबांधानं हिंडलात. गुडघ्याचं तुमचं दुखणं तेव्हापासून वाढलं असं चाची सांगतात.

फोटो मोठे होते. तुम्ही म्हणालात, "बेटा, हे एकेक करत बसलो तं महिना जाईन. तुह्या लायब्ररीकून होते का?" मी म्हटलं, हे तर तिचं रोजचं काम. एका दुपारी वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. फाईल उघड, लहान कर, लिही. सगळे फोटो पाच मिनिटांत तयार. एकेक उघडून पाहिले. सुरेख होते. सगळे अर्ज गेले.

महिन्याभरानं सगळे परत आले. प्रत्येकावर एकच शेरा, फोटोची तारीख आढळत नाही.

मी घरी बसून एक फाईल तपासली आणि मला माझी चूक दिसली. कॅमेरा फोटोसोबत त्याच फाईलीत तारीख लिहून ठेवतो. माझ्या वीस ओळींनी रंग वाचले, रंग लिहिले, आणि बाकीचं सगळं टाकून दिलं. वर्षभर मी टेस्ट लिहीत होते. आधीचं आणि नंतरचं जुळतं का, हे ताडून पाहत होते. पण मी फक्त रंग ताडत होते. तारीख जुळते का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्या दुकानात आले तेव्हा तुम्ही फ्रेमला काच बसवत होतात. मी सगळं सांगितलं, अगदी उभ्या उभ्या. मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही काच बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "फाईलीत तारीख राह्यते कुठं? दाखव मले."

अशा वेळीसुद्धा, चाचा! मी कॉम्प्युटरवर फाईल उघडून आतले आकडे दाखवले. सुरुवातीलाच, फोटोच्याही आधी, तारीख लिहिलेली. तुम्ही बोटानं ती एकेक अंक करत वाचलीत. मग म्हणालात, "आता घरी जाय. असल कार्डं माह्याजोळ हायेत, मी काही पुसलं नाई. पुन्हा करू. लोकाइले मी सांगतो."

तुम्ही सांगितलंत. काय सांगितलंत ते मी कधी विचारलं नाही. दोन दिवस मी रस्त्यानं मान खाली घालून गेले, पण कुणी मला काही बोललं नाही. उलट एका काकांनी हाक मारून आईच्या तब्येतीची चौकशी केली. मला वाटलं, आपलं गाव किती मोठ्या मनाचं.

दुसऱ्यांदा मी तारीख जपणारा प्रोग्राम लिहिला आणि सगळे अर्ज पुन्हा गेले, एक सोडून. पंचफुलाबाईंचा.

पंचफुलाबाई, स्वतः औत हाकून शेत वाहणाऱ्या, कुणाला दबून न बोलणाऱ्या. त्यांचा फोटो ज्या कार्डात होता ते कार्ड मधल्या महिन्यात खराब झालं. फाईल निघाली ती अर्धीच. माझ्या लायब्ररीनं ती उघडायलाच नकार दिला, फाईल अपुरी आहे म्हणून. तुम्ही दुसऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरमधून उघडलीत. वरचा भाग नीट होता. आभाळ, पऱ्हाटी, पंचफुलाबाईंचं कपाळ, डोळे, घट्ट मिटलेले ओठ. छातीखाली नुसता करडा रंग. हात नाहीत. हातावरचं बोंड नाही.

शेतात पुन्हा जाऊन फोटो काढावा तर त्यांनी पऱ्हाटी उपटून टाकलेली.

आपल्याजवळ दोन फायली होत्या. एक अर्धी, तिच्यात तारीख होती. दुसरी माझ्या पहिल्या प्रोग्रामनं लहान केलेली, तिच्यात अख्खा फोटो होता, बोंडासकट, पण तारीख नव्हती.

तुम्ही दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडून ठेवल्यात.

"या अर्धीतली तारीख शाबूत हाये ना?"

"आहे. ती सुरुवातीलाच असते."

"मंग थे उचल अन् या दुसरीत लिही. तुह्या लायब्ररीले लिहिता येते का नाई?"

"येते."

"किती वेळ लागते?"

"एक मिनिट."

"मंग?"

मी नाही म्हटलं.

"चाचा, असं हातानं लिहायचं म्हटलं तर कुणीही कुठलीही तारीख लिहील. मग त्या तारखेला अर्थ काय?"

"मी कुठलीही कुठं म्हनून राह्यलो? खरी लिही म्हनतो. खरं लिहाले खोटेपना कसा होते?"

"फाईलीला कळत नाही खरं काय नि खोटं काय."

"फाईलीले नसन कळत," तुम्ही म्हणालात. "तुले तं कळते."

मी उठून गेले. तुम्ही दोन्ही फोटो एका कागदावर छापलेत, खाली हकिकत लिहिलीत, पंचफुलाबाईंना सोबत घेऊन तालुक्याला गेलात. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं, पण त्याच्याकडं जागा एकाच फोटोची. तो म्हणाला, यातला एक निवडा. कुठलाही निवडला तरी उपयोग नव्हता. गावातल्या बाकीच्यांचे अर्ज मंजूर झाले. त्यांचा झाला नाही.

तीन आठवडे आपण बोललो नाही. मग एक दिवस तुम्हीच घरी आलात. आईला सलाम केलात आणि काही झालंच नाही अशा थाटात मोबाईल पुढं केलात. "हे पाय, उभा फोटो कॉम्प्युटरात गेला का आडवा होऊन राह्यला. काऊन?" मी तुम्हाला तेव्हा नवी टेस्ट दाखवली. फाईलीत जे जे लिहिलेलं आहे, तारीख, जागा, फोटो कुठल्या बाजूनं धरला ते, सगळं वाचायचं, लिहायचं, पुन्हा वाचून ताडायचं. ती लावल्याबरोबर पडद्यावर लाल ओळ आली.

"लाल म्हंजे?"

"नापास."

"कोन?"

"मी."

तुम्ही पाठीवर थाप मारलीत. "कबूल करतं ना, मंग होते पास."

मागच्या ईदला शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देताना तुम्ही हळूच विचारलंत, "थे तारीख. तुले आजही तसंच वाटते?" मी म्हटलं, हो. नियम तो नियम. तुम्ही मान हलवलीत आणि वाटीत आणखी थोडे पिस्ते टाकलेत.

चाचा, ते खरं नव्हतं. नियमाचं मला तेव्हा सुचलंही नव्हतं. मी घाबरले होते. एकदा माझ्या हातून चूक झाली होती, आता हातानं तारीख लिहिली आणि कुणी पकडलं तर माझं नाव येईल, पुण्याची नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. नियम मी नंतर शोधला, उठून घरी जाताना. तुम्हाला हे कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. म्हणून तुम्ही ईदला पुन्हा विचारलंत. मी एकदा तरी बोलावं म्हणून.

आता जे तुम्ही मला सांगितलं नाहीत ते.

तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या कुराणपठणाला, पंचफुलाबाई आल्या. दारातूनच चाचींना मिठी मारली आणि मोठ्यानं रडल्या. मला आश्चर्य वाटलं, कारण त्या अर्जापासून त्या तुमच्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. मग माझ्या शेजारी येऊन टेकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मलाच सांगू लागल्या.

"मी लय बोलली वं भाईले. भर बजारात बोलली. तुह्यापायी माहं वरीस गेलं म्हनलं. म्हातारा झाला, डोये गेले, काह्यले कॅमेरा धरतं म्हनलं. त्यानं एक शबूद उलटा नाई केला. खालती पाहून उभा राह्यला."

"त्यांना का बोललात?" मी विचारलं.

"काऊन म्हंजे? त्यानंच सांगतलं ना समद्याइले. घरोघरी जाऊन सांगतलं, फोटो बारीक करताना माह्या हातून तारीख पुसल्या गेली, मले माफ करा म्हने."

चाचा, माझ्या मनात आलं ते एवढंच की एवढी वर्षं मी ज्याला गावाचं मोठं मन समजत होते ते तसं नव्हतंच, गावाला माझी चूक माहीतच नव्हती. काकांनी आईची चौकशी केली ती सहज केली होती. शिव्या तुमच्या वाट्याला गेल्या होत्या, भर बाजारात, आणि तुम्ही तरीही आमच्या घरी येऊन मला विचारत होतात की मोबाईलचा फोटो आडवा का होतो.

मी गप्प राहू शकले असते. खोलीत बायका होत्या, कुराण वाचणं चालू होतं. मी पंचफुलाबाईंचा हात धरून त्यांना मागच्या अंगणात नेलं.

"त्यांनी नाही पुसली तारीख," मी म्हटलं. "मी पुसली. प्रोग्राम माझा होता. आणि नंतर ती परत लिहिता येत होती. त्यांनी मला लिही म्हटलं. मी नाही लिहिली."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"काऊन नाई लिहिली?"

"भ्याले."

पंचफुलाबाई पायरीवर बसल्या. मी उभीच राहिले. त्या मला बोलतील याची मी वाट पाहत होते, खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. त्या म्हणाल्या, "माह्याजोळचं बोलनं तं त्याच्यावरच सरलं. आता तुले काय बोलू?" आणि पुन्हा रडल्या. या वेळी आवाज न करता.

मग म्हणाल्या, "थो फोटो हाये का तुह्याजोळ?"

होता. लहान फाईल मी कधीच पुसली नाही. मोबाईलवर उघडून दिली. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्वतःचा चेहरा सोडून दिला, हातावर नेला. बोंड फोडलेलं, आत अळी. "हे पाय," त्या म्हणाल्या, "हे दिसून राह्यली. कशी वळवळत व्हती." मग पऱ्हाटीवर नेला, बांधावरच्या बोरीवर नेला. "माहा वावरातला फोटो दुसरा नाई एकही. मोठा करून देतं का मले? अन् खालती तारीख टाक."

मी म्हटलं, टाकते. अर्ध्या फाईलीतली तारीख मला पाठ होती. मी ती बोलून दाखवली.

"नाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "त्याच्या आदल्या दिवशी."

"फाईलीत तसं आहे."

"असन फाईलीत. मले त्या दिवशी चतुर्थी व्हती. उपाशी व्हती मी. भाई म्हने, सकायपासून काही खाल्लं नाई का बाई, तोंड उतरलं फोटोत. त्यानं पिशवीतून दोन केळं काढून देल्ले. मी बांधावर बसून खाल्ले. माही चतुर्थी मी इसरन का?"

घरी आल्यावर मी त्या वर्षीचं कॅलेंडर मोबाईलवर शोधलं. संकष्टी होती. फाईलीतल्या तारखेच्या आदल्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचींकडून दुकानाची किल्ली घेतली. तुमचा तो कॅमेरा कपाटात होता, चार्जरला लावून चालू केला. पडद्यावर तारीख आली. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, माझा मोबाईल पाहिला, पुन्हा कॅमेरा पाहिला. तुमचा कॅमेरा उद्याची तारीख दाखवत होता.

मी तुमच्या खुर्चीत बसून एकटीच मोठ्यानं हसले, चाचा. शेजारचा खताच्या दुकानवाला डोकावून गेला. म्हणजे ज्या तारखेसाठी आपण भांडलो ती मुळात चुकीचीच होती. कचेरीनं ज्यांचे अर्ज मंजूर केले त्या सगळ्यांच्या फाईलीत एक दिवस पुढचा आहे आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी वाचलं तेच लिहिलं गेलं का हे ताडत बसले. पण वाचलं ते मुळात खरं होतं का, हे कुठल्या टेस्टनं कळणार होतं? तुम्हाला हे घड्याळ पुढं आहे हे माहीत होतं का? कधी बिघडलं, बॅटरी बदलताना? का तुम्हीच मुद्दाम पुढं ठेवलं होतंत? तुम्ही असतात तर आपण दोन दिवस यावरच घालवले असते.

फोटो मी मोठा छापला. पंचफुलाबाईंच्या सांगण्याप्रमाणं तारीख लिहिली, खाली पांढऱ्या पट्टीत आणि फाईलीच्या आतही. एक मिनिट लागलं.

संध्याकाळी त्या घ्यायला आल्या. तुमच्या दुकानाची पायरी चढल्या, फोटो उजेडाकडं धरला, तारखेच्या अंकांवर बोट ठेवून सावकाश वाचलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "हेच."